जयवंताबाईच्या मापाचे लोड

डॉक्टरांनी जयवंताला चालायला सांगितलं होतं, पळायला नव्हे. वय एकोणचाळीस, वजन साडेब्याण्णव किलो, आणि रक्तातली साखर नुकतीच डोकं वर काढू लागलेली. "रोज सकाळी तासभर चाला," डॉक्टर म्हणाले. जयवंता सौंसरच्या तहसील कचेरीत चपराशी होती. हुकूम म्हटला की तो पाळायचा, एवढं तिला चौदा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती रामाकोन्याच्या सडकेनं चालायला निघाली.

पण सौंसरात चालणाऱ्या माणसाला कोणी चालू देत नाही. त्यातून कचेरीतली बाई सडकेवर दिसली, की ज्याचा त्याचा कागद तिथंच बाहेर निघतो. "बाई, माह्या फेरफाराचं काय झालं?" "जयवंताबाई, खसऱ्याची नक्कल कधी भेटते?" एकानं तर विहिरीतून ओलेत्यानं वर येऊन पोराच्या जन्मतारखेचं विचारलं. प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचे म्हणजे प्रत्येकाच्या ओट्यावर एक कप चहा आला, आणि सौंसरचा चहा म्हणजे निम्मी साखर. महिनाभर असं चालून जयवंताचं वजन सव्वा किलोनं वाढलं.

एकतिसाव्या दिवशी समोरून पटवाऱ्याचा सासरा हातात पिशवी घेऊन येताना दिसला. पिशवीत कागद असणार हे तिला पिशवीच्या लोंबण्यावरूनच कळलं. जयवंतानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पदर खोचला आणि पळत सुटली. "बाई! ओ बाई!" करत म्हातारा मागं राहिला. मैलाचा दगड ओलांडल्यावर ती थांबली. छाती भात्यासारखी हलत होती, पण डोक्यातला सगळा गलबला बसला होता. गुडघ्यांवर हात टेकून तिनं विचार केला, की पळणाऱ्या माणसाला आजवर कोणी कागद दाखवल्याचं आपण पाहिलेलं नाही.

तेव्हापासून ती रोज पळू लागली.

पहिले काही दिवस लोकांना वाटलं, कोणीतरी गेलं. एवढी बाई एवढ्या सकाळी एवढ्या जोरानं पळते म्हणजे दुसरं कारण काय असणार? "कोण गेलं वो?" म्हणत माणसं घरातून बाहेर पडायची आणि मयताला उशीर नको म्हणून तिच्या मागं धावायची. एका सोमवारी नाक्यापर्यंत अकरा जण आले. जयवंता नाक्याला वळसा घालून माघारी फिरली, तसे तेही फिरले. कोणीच गेलेलं नाही हे कळल्यावर त्यांच्यातले दोघं-तिघं जरा नाराजच झाले.

पंधरा दिवसांत लोकांना सवय झाली. जयवंताला मात्र वेगळ्याच गोष्टीची सवय होईना. तिला काचायला लागलं.

जाड माणसाच्या दोन मांड्या म्हणजे एका घरातल्या दोन जावा. बसल्या जागी गोडीनं राहतात, कामाला लागल्या की घासाघीस सुरू. लुगड्याचा कासोटा घालून पळालं तर कासोट्यानं काचायचं. नवऱ्याचा पायजमा घातला तर त्याची शिवण करवतीसारखी लागायची. खोबरेल लावून पाहिलं, पावडर लावून पाहिली. घरी आल्यावर ती दोन पाय लांब ठेवून भिंतीला टेकायची आणि कचेरीत बदकासारखी चालायची. तहसीलदारांनी एकदा काळजीनं विचारलं, "जयवंताबाई, घोड्यावर बसून आलात का?"

तिचा नवरा तुळशीराम वीज खात्यात लाइनमन होता. अंगानं इतका सडपातळ, की खांबावर चढला की खांबाला नुसती गाठ आल्यासारखी दिसे. बायको पळते याचा त्याला अभिमान होता आणि तिच्या त्रासावर त्यानं मनापासून विचार केला.

"आमच्या तारा एकमेकींले घासू नये म्हणून आम्ही मंधात चिनी मातीचा गुटका लावतो," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काही नाही. सांगून राहिलो."

जयवंतानं बाजार धुंडाळायचं ठरवलं. मंगलाचं बायकांच्या कपड्यांचं दुकान होतं. तिथं काचेआड एक ताणली जाणारी, पायाला चिकटून बसणारी स्लॅक्स टांगलेली होती. ती पाहून जयवंताच्या मनानं घेतलं, की आपल्याला असंच काही पाहिजे. मांडीभोवती एक कातडं आणखी असलं, की घासायचं ते त्या कातड्यानं घासावं.

"फ्री साइज हाय," मंगला म्हणाली. "कोणालेही येते."

जयवंता पडद्याआड गेली. फ्री साइज गुडघ्यापर्यंत हसतखेळत आली आणि तिथं बसली ती बसलीच. जोर केला तेव्हा वर सरकली खरी, पण दोन पावलं टाकताच कमरेवरून चटई गुंडाळावी तशी गुंडाळत परत गुडघ्यावर आली. जयवंता पडद्याबाहेर डोकं काढून म्हणाली, "मंगला, ही कोणालेही येते ना?"

"हो ना."

"मंग मी कोणीच नाही का?"

मंगलानं कपाटातून आणखी एक काढली, ती त्याच मापाची लाल रंगाची होती.

याच सुमाराला, म्हणजे शहाऐंशी सालच्या डिसेंबरात, कचेरीच्या फळ्यावर एक कागद लागला. सव्वीस जानेवारीला तिगाव स्टेशनापासून पांढुर्ण्यापर्यंत तीन कोसांची दौड. भरवणारे पांढुर्ण्याचे भैय्याजी. संत्र्याचे मोठे बागायतदार, आणि गावात कुठलाही मांडव पडला की त्याच्या मधल्या खुर्चीवर बसणारे. कागद जयवंतानंच फळ्याला टाचण्या मारून लावला. शेवटची टाचणी मारून झाल्यावर तिनं तो पुन्हा एकदा वाचला. रविवारी ती बसनं पांढुर्ण्याला गेली आणि फॉर्म भरून भैय्याजींच्या पुढं ठेवला.

भैय्याजींनी चष्मा लावून फॉर्म वाचला, चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा लावून वाचला.

"बाई, याच्यात तर नावापुढं 'श्री' छापेल हाय."

"त्याच्यापुढं 'मती' मी लिवते, भैय्याजी."

भैय्याजींनी बोट ठेवून पाहिलं. "मती लिवाले जागा नाही. श्रीच्या लगोलग टिंब टिंब सुरू होते." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पुढच्या साली दुसरे फॉर्म छापू," म्हणत त्यांनी तिला दोन संत्री दिली आणि फॉर्म परत केला.

जयवंतानं तिथंच ओट्यावर बसून दोन्ही संत्री खाल्ली. पळायला मिळो न मिळो, काचणं तर थांबलं पाहिजे, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि बाजारात विचारत विचारत कवडू टेलरच्या दुकानी गेली.

कवडू साधे कपडे क्वचितच शिवत असे. तबल्याच्या खोळी, जीपचे हूड, लग्नाच्या गाद्या-लोडांचे गलफ, दंडारीच्या खेळातल्या राक्षसांचे अंगरखे, असलं कोणाला न जमणारं काम त्याच्याकडं यायचं. एकदा सर्कशीतल्या अस्वलाचा कोट उसवला होता तोही त्यानंच शिवला, अंगावर असताना. जयवंतानं आपलं गाऱ्हाणं सांगितलं. कवडूनं डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे तुम्हाले तुमान पाह्यजे," तो म्हणाला. "अंगाले चिपकणारी, पण न आवळणारी. पळताना वर नाही चढली पाह्यजे, खाली नाही उतरली पाह्यजे, अन् काचली नाही पाह्यजे."

"बस, तेवढंच."

"तेवढंच म्हणते बाई," कवडू भिंतीला म्हणाला. मग हाक मारली, "इंदू! टेप घे वो!"

इंदू त्याची बायको. तिनं आतल्या खोलीत माप घेतलं आणि आकडा सांगितला. कवडूला तो पटला नाही. त्यानं तिला परत पाठवलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला, तेव्हा त्यानं तो पाटीवर लिहिला आणि बराच वेळ आदरानं त्याच्याकडं पाहत बसला.

"पण हे उभ्या माणसाचं माप झालं," तो म्हणाला. "पळताना मांडी हीच राह्यते का? मले पळणारं माप पाह्यजे."

आता बाईमाणसाच्या मागं मांड्या पाहत धावणं कवडूसारख्या मर्यादेच्या माणसाला शक्य नव्हतं. म्हणून जयवंता सडकेवरून पळाली, मागून कवडूनं सायकल चालवली ती मान खाली घालून, आणि कॅरिअरवर बसलेली इंदू त्याच्या खांद्यावरून पाहून सांगत गेली. "आता फुगली. आता दबली. आता डावी उजवीले भेटली." समोर न पाहता चालवल्यामुळं कवडू दोनदा नालीत गेला, पण इंदूनं सांगणं थांबवलं नाही.

परत आल्यावर पायाला हळद लावता लावता कवडूला मार्ग सुचला. जयवंता रोज सौंसरहून येऊ शकत नव्हती. तेव्हा तिच्या मांड्या इथंच तयार करायच्या. पांढुर्ण्यात कापसाला काय तोटा! त्यानं जाड कापडाचे दोन लोड शिवले, वर घेर जास्त, गुडघ्याकडं कमी, आणि त्यांत सरकी काढलेला कापूस ठासायला घेतला. इंदू हातानं दाबून पाहायची. "नाही, आणखी ठास. बाई घट्ट हाय." तीन दिवस कापूस ठासून झाल्यावर इंदूनं मान हलवली. कवडूनं दोन्ही लोड वरच्या टोकाला एकमेकांना टाचले आणि दुकानाच्या आढ्याला टांगून दिले.

मग प्रयोग सुरू झाला. दोन्ही लोडांवर मिळून एक कच्ची तुमान चढवायची आणि दोऱ्या ओढून त्यांना एकाआड एक झुलवायचं. सकाळी हजार झोके, संध्याकाळी हजार. दुकानापुढं माणसं जमू लागली. हे काय चाललं आहे ते कवडू कोणाला सांगत नव्हता. एका बाईच्या मांड्या आढ्याला टांगल्या आहेत, हे सभ्य माणूस कुठल्या तोंडानं सांगणार? लोकांनी आपापलं ठरवून टाकलं, की कवडूला देवाचं काहीतरी लागलं आहे, आणि एक-दोघं जाता जाता हात जोडू लागले.

सहा हजारांच्या वर झोके झाल्यावर कवडूला ते दिसलं. पुढच्या रविवारी जयवंता आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"बाई, जगातल्या साऱ्या टेलरांची चूक सापडली!" तो म्हणाला. "जिथं मांडीले मांडी घासते, तिथंच मंधोमंध शिलाई! माह्या बापानं तिथंच घातली, मी बी तिथंच घालत आलो. कोणी इचारलंच नाही, काहून म्हणून."

"मंग आता?"

"शिलाई नेली बाहेरून, बगलेनं. अन् मंधात हा एक चौकोनी तुकडा, मियानी म्हणते याले. पाय कितीबी फाका, ताण नाही येत. कमरेले नाडी नाही, इलास्टिक नाही. हा रुंद पट्टा, बेंबीच्या वरपर्यंत. आवळत नाही, धरून ठेवते."

कापड बनियनचं होतं, नागपूरहून आणलेलं, ताणलं की ताणणारं. पांढरं असल्यामुळं आरपार दिसायचं, म्हणून रंगाऱ्याकडून गडद निळं करून घ्यायचं होतं. जयवंतानं कच्ची तुमान घालून इंदूच्या स्वयंपाकघरात वीस उठाबशा काढल्या. तुमान वर चढली नाही, खाली उतरली नाही. फक्त डाव्या मांडीवर जरा झोळ येत होता. "पुढच्या रविवारी पक्की देतो," कवडू म्हणाला. "डाव्या लोडावर आणखी दोन हजार झोके पाह्यजे."

पुढच्या रविवारी जयवंता आली तेव्हा आढं रिकामं होतं आणि कवडू कपाळाला हात लावून बसला होता.

"बाई, तुमच्या मांड्या गेल्या," तो म्हणाला.

झालं होतं असं. भैय्याजींच्या मुलीची, मालतीची सुपारी, म्हणजे साखरपुडा, त्याच दिवशी होता. काटोलकडचे पाहुणे यायचे होते. भैय्याजींचा माणूस सकाळीच गाद्या-लोड न्यायला आला, तेव्हा कवडू रंगाऱ्याकडं गेला होता आणि दुकानात त्याचा मेहुणा दादाराव बसला होता. दादारावानं चार लोड दिले. कमी पडतात म्हटल्यावर वर पाहिलं. दोन लोड चुकून एकमेकांना शिवले गेलेत असं त्याला वाटलं. त्यानं ब्लेडनं टाके उसवले, चांगले पांढरे गलफ चढवले आणि तेही देऊन टाकले.

"चला," जयवंता म्हणाली.

"कुठं?"

"आणाले. दुसरं काय?"

भैय्याजींच्या दिवाणखान्यात पाहुणे गादीवर बसले होते. मधोमध मुलाचा बाप नत्थूजी. पासष्टीचा, गोरा, मोठ्या मिशांचा माणूस. त्यानं एक लोड पाठीशी घेतला होता, दुसरा गुडघ्यांखाली, आणि चेहऱ्यावर असं सुख पसरलं होतं, की कवडू दारातच थांबला.

"भैय्याजी," नत्थूजी सांगत होता, "अकरा साल झाले, माही कंबर मले बसू देत नाही का झोपू देत नाही. नागपूरचे डॉक्टर झाले, मालीशवाले झाले. आज पह्यल्यांदा कंबर चूप हाय. काय लोड हाय बाप्पा! मऊ म्हणाव तर मऊ नाही, कडक म्हणाव तर कडक नाही. सोन्याचं राहू द्या. पोरीसंगं हे दोन लोड देजा, सोयरीक पक्की!"

"अख्खं घर तुमचं हाय," भैय्याजी खुश होऊन म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांना जयवंता दिसली. "बाई, फॉर्मचं पुढच्या साली म्हटलं होतं ना?"

"फॉर्मसाठी नाही आली," जयवंता म्हणाली. तिनं चपला काढल्या, पदर नीट केला आणि गादीपाशी जाऊन हात जोडले. "नत्थूजी, जरा उठता का? ते लोड माहे हायेत."

"तुमच्या घरचे?"

"घरचे नाही. अंगचे."

खोलीत कोणालाच काही कळलं नाही. कवडूला मग पुढं यावंच लागलं. गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून, त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. दौड, काचणं, सायकल, कापूस, झोके. तो सांगत असताना दिवाणखान्यातली माणसं एकदा लोडांकडं, एकदा जयवंताकडं पाहत होती. आतल्या दाराशी बायकांची गर्दी झाली. भैय्याजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

नत्थूजीनं पाठीमागचा लोड हातानं चाचपला. मग हळूच विचारलं, "मंग मी टेकून राहिलो ते..."

"डावी," कवडू म्हणाला. कारागीर होता, खोटं सांगणं जमलं नाही. "उजवी तुमच्या पायाखाली हाय."

नत्थूजी एकदम उठला. उठताच त्याच्या कमरेत अशी कळ आली की तो अर्धा वाकूनच राहिला, आणि तसाच वाकलेला हात जोडून म्हणाला, "माय, माफ कर. मले माईत नव्हतं."

जयवंता त्याच्याकडं पाहत राहिली. आजवर या मांड्यांनी तिला अडचणीशिवाय काही दिलं नव्हतं. बसमध्ये तिच्या शेजारी बसणारा माणूस सुस्कारा टाकायचा. कचेरीतल्या खुर्चीचे दोन्ही हात तिनं सुताराकडून कापून घेतले होते. लग्नात फोटो काढणारा तिला "बाई, थोड्या तिरप्या व्हा," म्हणाला होता. आणि इथं एक परका म्हातारा अकरा वर्षांचं दुखणं विसरून तिच्या मापावर विसावला होता. तिला हसू आलं.

"बसा बाप्पा परत," ती म्हणाली. "कापसाचंच तं हाय. आरामानं बसा."

"नाही, नाही..."

"बसा म्हणते ना."

नत्थूजी बसला. आधी जरा सावरून, मग टेकून. कंबर पुन्हा चूप झाली. त्यानं डोळे मिटले.

"पण मले हे पंधरा दिवस पाह्यजे," जयवंता म्हणाली. "तुमान पुरी होऊ द्या. मंग हेच घेऊन जा. माहं काम झालं म्हणजे मले लोडाचं काय करायचं? मूळ माह्यापाशीच हाय."

"म्हणजे तुम्ही सव्वीस जानेवारीच्या दौडीत पळून राहिल्या?" नत्थूजीनं विचारलं.

"नाही. माहा फॉर्म घेतला नाही."

"कोणं नाही घेतला?"

जयवंतानं भैय्याजींकडं पाहिलं. भैय्याजी घसा खाकरून म्हणाले, "त्याच्यावर 'श्री' छापेल हाय नत्थूजी. मती लिवाले जागा..."

"भैय्याजी," नत्थूजी डोळे न उघडता म्हणाला, "मी ज्या घरची पोरगी करून राहिलो, त्या घरी दोन अक्षरं लिवापुरती शाई नाही का?"

आतल्या दारातली गर्दी बाजूला सारून मालती पेन घेऊन बाहेर आली. आपल्याच सुपारीत वधूनं असं येणं बरोबर की चूक, याचा विचार करायला कोणाला वेळ मिळाला नाही. भैय्याजींनी कोरा फॉर्म मागवला, पाटावर ठेवला, आणि 'श्री'च्या खाली, समासातून उतरत जाईल असं, 'मती' लिहिलं. जागा निघाली.

सव्वीस जानेवारीला सकाळी तिगावच्या स्टेशनाबाहेर एकेचाळीस जण उभे होते. चाळीस पोरं अर्ध्या चड्ड्यांत आणि जयवंता निळ्या तुमानीत, वरून तुळशीरामचा लांब सदरा, कडेनं उसवून दोन पट्ट्या घातलेला. शिट्टी वाजली आणि चाळीस पोरं बघता बघता वळणाआड गेली. जयवंता आपल्या चालीनं निघाली. मागून सायकलवर कवडू आणि इंदू, त्यांच्यामागं दुसऱ्या सायकलवर तुळशीराम.

पहिला कोसभर ती काचण्याची वाट पाहत होती. रोजचा पाहुणा आहे, येईलच. रेल्वेचं फाटक आलं, संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या, बागांमागून बागा गेल्या. पाहुणा आला नाही. तिला संशय येऊ लागला. दुसरा कोस संपत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळापासून आपण मांड्यांचा विचारच केलेला नाही. आपण तुरीच्या शेतात उभ्या असलेल्या एका लंगड्या बगळ्याचा विचार करत होतो. शरीर असूनही ते आठवू नये, असं तिला कळत्या वयात पहिल्यांदाच झालं होतं. ती मोठ्यानं हसली. मागून इंदू ओरडली, "काय झालं वो?"

"काही नाही झालं!" जयवंता ओरडली. "काहीच नाही झालं!"

चिंचेखाली दोन सडपातळ पोरं पाय फाकवून बसली होती, चेहरे आंबट करून. नायलॉनच्या चड्ड्यांनी दोघांनाही काचलं होतं. जयवंतानं न थांबता कमरेच्या पट्ट्यात खोचलेली खोबरेलाची डबी त्यांच्याकडं टाकली. "बाई, तुम्हाले नाही लागत?" एकानं विचारलं.

"शिलाई बाहेरून हाय!" तिनं जाता जाता सांगितलं. त्यांना काही समजलं नाही.

पांढुर्ण्याच्या मैदानावर ती पोचली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. फीत पहिल्या पोरानं तोडली होती, तिचे तुकडे वाऱ्यावर उडत होते. घड्याळवाला जेवायला गेला होता. माइकवाला एका स्कूटरची किल्ली सापडल्याचं सांगत होता. त्यानं जयवंताला येताना पाहिलं, तसा मध्येच थांबला आणि काय म्हणावं ते न सुचून म्हणाला, "अन् सौंसरच्या बाई आल्या हो, बाई आल्या!" मैदानात असतील नसतील तेवढे लोक उठून उभे राहिले. भैय्याजी जेवणावरून तसेच आले, उजवा हात वरणानं भरलेला, म्हणून त्यांनी डावा हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला. ती तेहतिसावी आली होती. दमलेले आणि काचलेले आठ जण अजून वाटेतच होते.

जयवंता मैदानातच मांडी घालून बसली. तुळशीराम सायकल टाकून पळत आला.

"दुखून राहिलं का वो?"

"भूक लागून राहिली."

तुळशीरामनं सदऱ्याच्या खिशातून चार आलूबोंडे काढले. जरा चेपले होते, पण अजून कोमट होते. तोवर कवडू तिच्यापुढं उकिडवा बसला होता. ती कितवी आली हे त्यानं विचारलंही नव्हतं. तो डोळे बारीक करून शिलाई तपासत होता. घामानं निळा रंग घोट्यांपर्यंत उतरला होता, त्याचं त्याला काही वाटलं नाही. अचानक त्याचा चेहरा पडला.

"डाव्या गुडघ्यापाशी एक टाका गेला," तो म्हणाला. "कुठं गेला असन? चढावर का उतारावर?"

"मले काय माईत, कवडूभाऊ."

कवडू अगदी अजिजीनं म्हणाला, "बाई, परत एकदा तिगावले जाऊन येता का? मी मागंच राह्यतो."

इंदूनं कपाळावर हात मारून घेतला. तुळशीराम बायकोच्या तोंडाकडं पाहू लागला. जयवंतानं दुसरा आलूबोंडा उचलला, त्याचा अर्धा घास घेतला, आणि चावता चावता तिगावच्या सडकेकडं नजर टाकली.

"जाते," ती म्हणाली. "पण पह्यले हे संपू द्या."

आणि तुळशीराम आणखी चार आलूबोंडे आणायला उठला.